पायाला गुण

१ जानेवारी १९७८, रविवार

गिरणीच्या शेटजींनी ह्यांना नवी डायरी दिली. ह्यांनी ती आणून माझ्यापुढे ठेवली. "मला कशाला? तूच लिव. तुजा पाय काय काय करतो त्याची कुटं तरी नोंद पायजे ना." चेष्टाच होती, पण मला पटली. आजपासून लिहिणार.

हे म्हणजे माझे मालक, धाकलू. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण इथे कोण वाचतंय. आमच्या कुंभिवलीच्या भातगिरणीत यंत्र चालवतात. वय त्रेचाळीस, आणि भाताचं भरलेलं पोतं अजून एकट्याने पाठीवर घेतात. मी आनंदी, सातवी पास, गावची बालवाडी माझ्याकडे आहे. पण खालापुरापासून चौक गावापर्यंत लोक मला ओळखतात ते पायामुळे. मी पायाळू आहे. जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने उसण भरलेल्या जागी पाय लावला की उसण निघून जाते. लहानपणी आभाळ गडगडलं की आई मला दाराबाहेर जाऊ देत नसे, पायाळूवर वीज पडते म्हणून. सगळी पोरं अंगणात आणि मी एकटी घरात. त्या कोंडून राहण्याची ही भरपाई असं मी समजते.

रीत अशी. उजवा पाय धुऊन घ्यायचा, दुखऱ्या जागी टेकवायचा, जास्तीत जास्त तीन वेळा. त्या वेळी बोलायचं नाही. कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घ्यायचं नाही. माणूस वयाने मोठा असेल तर आधी त्याला नमस्कार करायचा, मग पाय लावायचा. या वहीत मी नाव लिहीन, जागा लिहीन, किती पाय लागले ते लिहीन आणि गुण आला की नाही ते लिहीन. शेवटचं लिहिण्याची तशी गरज नाही, कारण गुण येतोच.

४ जानेवारी

हायवेवरून एक सरदारजी ट्रकवाला आला, कमरेत पार वाकलेला. चहाच्या टपरीवाल्याने त्याला माझं घर दाखवलं. दुसऱ्यांदा पाय लावला तसा सरळ उभा राहिला आणि माझ्याच पाया पडायला लागला. सरदारजी, कंबर. दोन पाय. गुण आला.

हे बाजूला बसून हसत होते. ह्यांच्याही पाठीत पोती उचलून कितीदा उसण भरते, पण ह्यांनी अठरा वर्षांत कधी पाय लावून घेतला नाही. बायकोचा पाय नवऱ्याला लागणं चांगलं नव्हे. झोपेत चुकून लागला तरी मी उठून ह्यांना नमस्कार करते. त्यावर हे म्हणतात, "झोपू दे गं बाई, पायापायात माजी झोप जाते."

६ जानेवारी

गावात थंडीतापाची साथ आली आहे. बालवाडीत बावीस पोरांपैकी आज नऊच आली. हेही कालपासून तापाने फणफणले आहेत. अंग मोडून येतं, खोकला, डोळे लाल. खोपोलीला डॉक्टरांकडे चला म्हटलं तर म्हणाले, "साद्या तापाला डाक्तर?" गवती चहा, आलं, वर घोंगडी. बघू.

९ जानेवारी

ताप उतरला आणि हे आज गिरणीत गेले. संक्रांतीसाठी सगळ्यांना तांदूळ हवेत, गिरणीच्या अंगणात गाड्यांची रांग लागली होती. खोकला आहे, पण कोंड्याच्या धुळीत खोकला कुणाला नसतो? शेटजी म्हणाले, धाकलू आला तेव्हा कुठे यंत्र नीट बोलायला लागलं. मला बरं वाटलं.

१५ जानेवारी, रविवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवते. असा दिवस माझ्या आयुष्यात आला नव्हता.

शेजारच्या गौराबाईचा जावई संक्रांतीला आला आहे. पदू मास्तर. कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवतात, चष्मा, इस्त्रीचा सदरा. सकाळी आमच्या ओट्यावर दहा-बारा माणसं होती, त्यांतल्या दोघांना उसण. दोघांनाही गुण आला. मास्तर पायरीशी उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "आनंदीबाई, राग मानू नका. उसण दोन दिवसांत आपली आपण जाते. तुमचा पाय लागला काय आणि न लागला काय."

माझे कान तापले. मी म्हटलं, "मास्तर, तुम्हाला भरेल तेव्हा दोन दिवस थांबून बघा." लोक हसले, पण हळूच. बोलून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळत होतं.

तेवढ्यात हे गाडीवरून तांदळाचं पोतं घेऊन आले. ओट्यापाशी पोतं टेकवलं आणि तसेच वाकून राहिले. हात छातीवर, डाव्या अंगाला. तोंड तांदळाच्या धुवणासारखं पांढरं. "चमक भरली," म्हणाले. "पार पाठीत गेली. हात पन भरलाय."

गौराबाई माझी मोठी जाहिरातवाली. ती लगेच म्हणाली, "आता बगा जावयबापू. आनंदे, लाव पाय."

मी कशी लावणार? दहा माणसांसमोर नवऱ्याला पाय? माझा पाय उचलेना. मास्तर माझ्याकडे बघत होते, हसत नव्हते, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. ह्यांनी ते बघितलं. मग हेच माझ्याकडे पाठ करून खाली बसले आणि म्हणाले, "लाव गं. पाप असलं तर माज्या माथी. मास्तर थांबलेत."

मी पाय धुतला. आधी ह्यांना नमस्कार केला. तीन वेळा टेकवला. तिसऱ्यानंतर हे बराच वेळ डोळे मिटून बसले. मग ह्यांनी डोळे उघडले, मास्तरांकडे बघून हसले आणि म्हणाले, "गेली. पार गेली."

जानेवारीची थंडी आणि ह्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. उसण घामावाटे निघाली. मी पुन्हा पाया पडले तेव्हा ह्यांनी डोक्यावर हात ठेवला, हात गारेगार होता. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि मला हात जोडले. म्हणाले, "डोळ्यांनी पाहिलं. आता मी काही बोलत नाही."

आमचे मालक, छाती, डावं अंग. तीन पाय. गुण आला.

दुपारी हे दोन घास खाऊन उठले आणि आडवे झाले. हे दुपारी कधी आडवे होत नाहीत. मास्तर हरले त्या आनंदाने पोट भरलं असेल.

१७ जानेवारी

मास्तरांनी कर्जतला जाऊन शाळेत सगळ्यांना सांगितलं. त्यांच्या शाळेचे एक शिक्षक मान आखडली म्हणून एस.टी.ने आले. एका पायात गुण. कर्जतच्या विज्ञानाच्या मास्तरांनी पाठवलेला माणूस! आईला कळवायला हवं. पत्र टाकते.

१९ जानेवारी

हे दोन रात्री भिंतीला टेकून बसूनच झोपतात. आडवं झालं की खोकला येतो म्हणतात. गिरणीत जातात, पण पोती दुसऱ्याला उचलायला लावतात, शेटजी तसं म्हणाले. आज वहाणा पायात जाईनात. मला वाटलं काटा मोडला असेल. बघू म्हटलं तर पाय मागे घेतले. "माज्या पायाचं तू काय बगतीस, लोकं तुज्या पायासाटी आलीत." बाहेर तिघं बसली होती. मी गेले.

२१ जानेवारी, शनिवार

सकाळी साडेदहाला हे गिरणीत यंत्रापाशी पडले. शेटजींनी पोती उतरवून टेंपो दिला. खोपोलीपर्यंत ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर. श्वास घेताना छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज येत होता, तोंडाला फेस, त्यात गुलाबी झाक. मी वाटेत दोनदा विचारलं, उसण आहे का, पाय लावू का. ह्यांनी नुसतं माझं मनगट धरून ठेवलं.

२४ जानेवारी

प्राणवायूची नळी लावली आहे. इंजेक्शनांनी पाणी उतरलं, आज हे ओळखीचे दिसायला लागले.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. छातीवर तारा लावून कार्डिओग्राम काढला होता, तो दाखवला. मला त्यात काय कळणार, मुंग्या चालल्यासारखी रेघ. म्हणाले, हार्ट अटॅक आहे. मग विचारलं, "मागच्या काही दिवसांत ताप-खोकला झाला होता?" मी साथीचं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. "फ्लू नुसता नाका-घशात राहत नाही, हृदयावरही ताण आणतो. ताप उतरला की माणूस समजतो बरा झालो, कामाला लागतो, आणि आठ-पंधरा दिवसांत हे होतं. या थंडीत माझ्याकडचा हा तिसरा."

मग म्हणाले, "पण हा अटॅक शनिवारचा नाही. त्याच्याही आठवडाभर आधीचा असावा. हृदयाचा एक तुकडा मेला आहे, आतली एक झडप नीट मिटत नाही, म्हणून फुफ्फुसात पाणी साठलं. त्याच दिवशी आणलं असतंत तर एवढं झालं नसतं."

मी मनात दिवस मोजले. शनिवारच्या मागे आठवडा म्हणजे चौदा-पंधरा तारीख.

डॉक्टर खाटेपाशी गेले आणि ह्यांना विचारलं, "आठवड्यापूर्वी छातीत दुखलं होतं का?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाकावरची नळी बाजूला केली आणि म्हणाले, "दुकलं व्हतं. उसण व्हती. हिनं पाय लावला, गेली."

"पूर्ण थांबलं?"

"पूर्ण."

डॉक्टर कागदावर लिहीत राहिले. मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईला मी पायाळूपणाची सगळी गोष्ट सांगितली. उसण वेगळी आणि हा अटॅक वेगळा. एकाच दिवशी दोन्ही आले असतील. माझ्या वाटणीचं मी काढलं.

संध्याकाळी घरी येऊन हे लिहिते आहे आणि वाचताना ते शेवटचं वाक्य मला नीट पटत नाही.

९ फेब्रुवारी

ह्यांना घरी आणलं. एकोणीस दिवस दवाखान्यात झाले. मीठ बंद, जिना-चढ बंद, ओझं उचलणं कायमचं बंद. शेटजी म्हणाले, खुर्चीवर बसून यंत्राकडे लक्ष दे, तुझा कान मला पुरे. माणूस भला आहे.

ओट्यावर खुर्ची टाकली आहे. हे दिवसभर तिथे बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात. पोत्याखालचा माणूस खुर्चीत बघवत नाही मला. पण आहे, समोर आहे.

१२ फेब्रुवारी

आज ह्यांचे पाय चेपले. नडगीवर बोट दाबलं तर तिथे खड्डा पडला आणि तसाच राहिला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं दिसलं की गोळी वाढवा. म्हणजे वहाणा घट्ट झाल्या त्या दिवशी काटा नव्हता, ही सूज होती. गावभर माझ्या पायाचं कौतुक आणि घरातले दोन पाय मी बघितले नाहीत.

धीर करून विचारलं, "अहो, त्या दिवशी गेली होती का हो?"

"काय?"

"उसण."

"गेली व्हती म्हनलं ना," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. हे खोटं बोलत नाहीत. गिरणीत कुणाचे मूठभर तांदूळ इकडचे तिकडे होऊ देत नाहीत. मग मी का विचारते आहे?

२१ फेब्रुवारी

मोतीबाई, नडोद्याची, पाठ. एक पाय. गुण आला. आता मी पाय लावण्याआधी सगळ्यांना विचारते, ताप आला होता का, घाम येतो का, हात भरतो का. मोतीबाई म्हणाली, "तू काय नर्स झालीस का गं?" मलाही माहीत नाही मी का विचारते.

५ मार्च, रविवार

सकाळी नऊ वाजता पदू मास्तर आले. एका बाजूला गौराबाई, दुसऱ्या बाजूला त्यांची बायको. परवाच सासुरवाडीला आले होते. सदऱ्याला आज इस्त्री नव्हती. रविवार म्हणून ओट्यावर माणसं होतीच.

गौराबाई लांबूनच म्हणाली, "आनंदे, जावयाला उसण भरली गं. पाटंपासून."

मास्तर पायरीवर बसले. हात छातीवर, डाव्या अंगाला. हसायचा प्रयत्न करून म्हणाले, "आनंदीबाई, दोन दिवस थांबणार होतो, पण थांबवत नाही. ही मला डॉक्टरकडे चला म्हणत होती. मी म्हटलं, नको. मी डोळ्यांनी पाहिलंय."

खरं सांगते, माझी छाती फुगली. विज्ञानाचे मास्तर माझ्या पायरीवर! मी आत जाऊन पाय धुतला. बाहेर आले, ते माझ्याहून मोठे म्हणून नमस्कार केला. ते पाठ करून बसले. मी पाय उचलला. तेवढ्यात कळ आली म्हणून त्यांनी मान वळवली आणि मला त्यांचं तोंड दिसलं. धुवणासारखं पांढरं. कपाळावर घाम.

पाय तसाच अधांतरी. मी विचारलं, "मास्तर, ताप आला होता?"

पाय लावताना बोलायचं नसतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आला होता. शाळेत साथ आहे. आठ-दहा दिवस झाले, उतरला तो."

"हात भरलाय?"

"डावा."

मी पाय खाली ठेवला. ह्यांच्याकडे वळले. हे खुर्चीत होते, तीन हातांवर. मी म्हटलं, "अहो, ह्या सगळ्यांसमोर सांगा. त्या दिवशी मी पाय लावला तेव्हा दुखायचं थांबलं होतं का?"

ह्यांनी मास्तरांकडे पाहिलं, गौराबाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, पुन्हा म्हणणार गेली होती. डोळ्यांनी मी सांगत होते, नका म्हणू.

"नाय गेली," म्हणाले. "तिसऱ्या पायाला बी दुकत व्हतं. चार दिस दुकत व्हतं. मास्तर बगत व्हते. एवड्या लोकांत तुजी मान खाली जायला नको, म्हून बोललो."

मला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "ऐकलंत मास्तर? तुम्ही डोळ्यांनी पाहिलं ते खोटं होतं. ही उसण नाही. उठा, खोपोलीला चला."

गौराबाईचा संताप झाला. "गावाच्या मान्सांना पाय लावलास, हमालांना लावलास. आमच्या जावयाच्या वक्ताला तुजा पाय आटला का गं?"

"आटला म्हण," मी म्हटलं. "पण टेंपो बोलव आधी."

गिरणीचा टेंपो आला. मास्तरांना मी चालू दिलं नाही, चौघांनी उचलून ठेवलं. मीही बसले. वळणावर मागे बघितलं तर हे खुर्चीतून उठून ओट्याच्या कडेला उभे होते आणि ड्रायव्हरला हाताने खूण करत होते, पळव, पळव.

८ मार्च

मास्तर बरे आहेत. कार्डिओग्राममध्ये तेच निघालं जे ह्यांना झालं होतं. पण डॉक्टर म्हणाले, दुखायला लागल्यापासून पाच-सहा तासांत आलात, हृदय बरंच वाचलं, फुफ्फुसात पाणी नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही कसं ओळखलंत?" मी म्हटलं, "घरी बघितलेलं आहे." आणखी काय सांगणार?

गौराबाई माझ्याशी बोलत नाही. आनंदीचा पाय आटला असं तिने गावभर केलं आहे. तीन दिवसांत ओट्यावर कुणी आलं नाही. त्याचं वाईट वाटतं, नाही म्हणून कशाला लिहू? उसण अजूनही माझ्या पायाने जाते, ते मी कुणाच्या सांगण्याने सोडणार नाही. पण कोणतं दुखणं उसण नव्हे हे आता मला कळतं, आणि पायाळू तर पुष्कळ असतील, हे कळणारी तालुक्यात मी एकटी असेन.

काल ह्यांच्यावर रागवायचं ठरवलं होतं. हृदयाचा तुकडा गेला तो माझ्या मानेपायी गेला. रागवायला बसले तर हे म्हणाले, "मान तर खाली गेली नाय ना?" मी म्हटलं, नाही गेली. ह्यांच्या नडगीवर बोट दाबून बघितलं, आज खड्डा लगेच भरून आला.

वही मागे उलटून पंधरा जानेवारीचं पान काढलं. "गुण आला" यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, आला नाही. या वहीतलं ते एकच. मग आजच्या पानावर आले.

पदू मास्तर, छाती, डावं अंग. पाय एकही नाही. गुण आला.